चेंडू मुद्दाम पाडायचा तर हात पक्का लागतो

प्रश्न असा आहे: मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये चेंडू झेलता झेलता लोकांना हसवतो आणि आता म्हणतो, मला हेच करायचंय. त्याच्या आईने विचारलंय की कॉमेडी जगलर म्हणून कुणाचं आयुष्य उभं राहिलंय का? राहिलं असेल तर कसं? आणि ज्याला खरं जगलिंग झेपत नाही तोच विनोदाकडे वळतो, असं घरात कुणी म्हणालं, ते खरं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कानावर पडला की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. मी आधी सर्कशीच्या रिंगमध्ये आणि नंतर स्टेजवर, इव्हेंटमध्ये हेच काम करत आलोय. सर्कशीत झुल्याचा आयटम आठवून बघा. सगळे चकचकीत कपड्यांतले कलाकार व्यवस्थित उड्या मारतात आणि मध्येच जोकर वर चढतो. त्याची चड्डी सुटते, हात सुटतो, तो जाळीत कोसळतो आणि अख्खा तंबू हसतो. त्या आयटममधला सगळ्यात तयारीचा झुलेवाला बहुतेक वेळा तोच असतो. कच्च्या माणसाला तिथून वेडंवाकडं पडायला कुणी वर सोडतच नाही. जगलिंगचंही तेच. सरळ झेल घ्यायला वर्षभराचा सराव पुरतो. तो झेल हुकला असं पटवून द्यायला त्याच्या कितीतरी पट.

तुमच्या मुलाला उदाहरण म्हणून एकाच माणसाचं आयुष्य नीट सांगतो, कारण या धंद्यात जे जे होऊ शकतं ते बहुतेक सगळं त्याच्या वाट्याला आलं. डब्ल्यू. सी. फील्ड्स. लाल नाकाचा, कुरकुऱ्या आवाजाचा, दारुड्या म्हणून नावाजलेला हॉलिवूडचा जुना विनोदी नट, एवढीच त्याची ओळख पुष्कळांना असते. पण तोंड उघडून पैसे मिळवायच्या आधी त्याने कितीतरी वर्षं नुसत्या हातांवर पोट भरलं होतं.

जन्म २९ जानेवारी १८८० चा, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या डार्बी गावातला. खरं नाव विल्यम क्लॉड ड्यूकनफील्ड. (त्याच १८८० साली इकडे विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत आपली ग्रेट इंडियन सर्कस सुरू केली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण सांगलीकडच्या माणसाला हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.) बाप इंग्लंडहून आलेला, भाजी-फळं विकणारा. बापाच्या गाडीवरची फळं उडवून पोरगा जगलिंग शिकला, अशी कथा आहे. अकराव्या वर्षी घरातून पळाला, जमिनीतल्या खड्ड्यात झोपला, अशीही कथा आहे, आणि ती त्याने स्वतःच पुढे रंगवून रंगवून सांगितली. माझा सल्ला, आमच्या जमातीतल्या माणसाचं बालपण त्याच्याच तोंडून ऐकलं तर निम्मं वजा करा. बापलेकांची भांडणं होत होती, हा मधूनमधून नातेवाइकांकडे राहायला जायचा, एवढं खरं. पण पहिल्या दौऱ्याला निघाला तेव्हा घरची मंडळी त्याला स्टेशनवर सोडायला आली होती, आणि पुढे इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-विनोदाचे खेळ होणाऱ्या थिएटरांत, त्याचे खेळ चालू असताना तोच बाप दोन महिने त्याच्याकडे राहून आला. ताई, तुमच्यासाठी कामाचा भाग हा आहे. पळून जाण्याची कथा पोस्टरवर छान दिसते, पण ज्याला घरून निरोप मिळतो त्याला परत यायची लाज वाटत नाही.

शिकला कुणाकडे? गुरू असा कुणी नव्हता. त्या काळी जेम्स हॅरिगन नावाचा एक जगलर फाटक्या भणंगाच्या वेषात खेळ करायचा आणि सिगारच्या रिकाम्या खोक्यांची करामत करायचा. पोराने त्याचा वेष उचलला, खोकी उचलली आणि अख्खी धाटणीच उचलली. याला चोरी म्हणायचं की शिक्षण, यावर आमच्याकडे रात्र रात्र वाद चालतात. माझं मत असं की पहिली काही वर्षं नक्कल करावीच लागते. प्रश्न एवढाच, की पुढे नकलेत स्वतःची भर पडते की नाही. फील्ड्सची पडली. भणंग वेषाचे फायदे त्याच्या लवकर लक्षात आले. कपड्यांचा खर्च नाही, दाढी-मिशी चिकटवली की अठरा वर्षांचा पोरगा चाळिशीचा दिसतो, आणि भिकाऱ्याकडून कुणी कौशल्याची अपेक्षा करत नाही. अपेक्षा खाली ठेवायची आणि मग हळूच वर उडी मारायची, हे विनोदी जगलरचं भांडवल असतं.

१८९८ मध्ये तो पैसे घेऊन खेळ करायला लागला. पहिलं काम नॉरिसटाउनजवळच्या एका पार्कात, मग अटलांटिक सिटीच्या समुद्रात बांधलेल्या धक्क्यावर. तिथे जगलिंगसोबत त्याला बुडायचंही काम होतं, असं तो सांगायचा. गर्दी कमी झाली की पाण्यात शिरायचं, हातपाय झाडायचे, लोक किनाऱ्यावर जमले की ‘वाचवून’ घ्यायचं, आणि जमलेली गर्दी मग तिथेच बिअर प्यायला बसायची. वर म्हटल्याप्रमाणे यातलं निम्मं वजा करा. पण आपल्याकडे दुकानाच्या उद्घाटनाला, भर उन्हात, लांब पायांचा जोकर करून ज्याला कुणी उभं केलंय, त्याला यात अशक्य काही वाटणार नाही. पुढे एका तमाशेवजा टोळीबरोबर दौऱ्यावर गेला तर मॅनेजरच पैसे घेऊन पसार झाला. हेही ओळखीचं आहे.

आता त्याच्या हाताकडे जरा जवळून बघू.

सिगारची तीन खोकी घ्यायची. बाजूची दोन दोन्ही हातांत, मधलं त्या दोघांच्या दाबावर अडकलेलं. कशालाही दोरी नाही, चिकटा नाही. गुडघ्यातून किंचित खाली जायचं आणि तिन्ही खोकी एकत्र वर उचलायची. वर जाणं संपतं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं, तो एक निमिष खोकी हवेत जवळजवळ थांबतात. त्याच निमिषात एका हाताने आपलं खोकं सोडायचं, मधलं झडप घालून ओढायचं, ते टोकाला आणायचं आणि सुटलेल्या खोक्याला पुन्हा दाबात धरायचं. नीट जमलं की एकच कोरडा ‘टक’ ऐकू येतो. दोन आवाज आले तर समजायचं, एका बाजूला उशीर झाला. लाकूड घामाने निसटतं, म्हणून हल्लीच्या खोक्यांना कडेला खरखरीत कातडं लावतात. त्या काळी खरीखुरी सिगारची खोकी असायची, हलकी आणि कोपरे पिचणारी.

या खेळाची गंमत अशी, की यात वस्तू डोक्याच्या फार वर जातच नाहीत. पाच-सात चेंडू उडवणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही, कारण त्याची मान वर आणि नजर छताला. खोक्यांत तोंड समोर राहतं. म्हणजे खोकी खाली पडली की चेहऱ्यावर काय झालं ते शेवटच्या रांगेलाही दिसतं. विनोदी जगलरला खोकी, हॅट, काठी, सिगार या वस्तू का आवडतात, याचं कारण हेच. याउलट संख्येच्या मागे लागणाऱ्याचा हिशेब कठोर असतो. चेंडू हवेत दुप्पट वेळ राहायला हवा असेल तर तो चौपट उंच फेकावा लागतो, आणि जितका उंच तितका तो भरकटतो. एनरिको रास्तेली हा इटालियन दहा चेंडूंपर्यंत गेला. त्याच्यासारखा दुसरा झाला नाही असं आजही मानतात. १९३१ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा खेळ बघताना लोकांचा श्वास अडकायचा. हसायला मात्र श्वास मोकळा लागतो.

फील्ड्सने काय केलं? तो चुकायला लागला. त्या चुका कशा असायच्या, हे इंग्लंडमध्ये त्याचा खेळ पाहिलेल्या डब्ल्यू. बुकॅनन-टेलर यांनी लिहून ठेवलंय. हाताशी बरोबर न आलेल्या एखाद्या चेंडूला तो खडसावायचा. डोक्यावर टिकली नाही म्हणून आपल्या चेपलेल्या रेशमी हॅटला फटके द्यायचा. सिगार तोंड हुकून गेली की तिच्याकडे बघत काहीतरी अगम्य, शिवीगाळ वाटावं असं पुटपुटायचा. लक्षात घ्या, प्रेक्षकांशी तो एक अवाक्षर बोलत नव्हता. त्याचं भांडण वस्तूंशी होतं. चेंडू जाणूनबुजून आपल्याला छळतोय, हॅट आपल्याविरुद्ध फितूर आहे, असा त्याचा पक्का समज, आणि आपण त्या भांडणाचे साक्षीदार. पुढे सिनेमात बायको, सासू, शेजारी, कुत्रे, लहान मुलं सगळे त्याच्याविरुद्ध उठलेले दिसतात, त्या माणसाचा जन्म त्या चेंडूला खडसावण्यात झाला, असं मी मानतो.

मुलाला एवढं घोकून घ्यायला सांगा. खोटी चूक तीन जागी फसते. पहिली जागा नजर. आपण पाडणार आहोत तिकडे डोळे आधी गेले की संपलं. नजर झेलाच्या जागीच राहिली पाहिजे आणि चेंडू गेल्यावर अर्ध्या क्षणाने मागोमाग गेली पाहिजे. दुसरी, फेक. खरी आणि खोटी फेक वर पोहोचेपर्यंत हुबेहूब सारखी हवी. बरेच जण खोटी फेक जरा ढिली करतात आणि पहिल्या रांगेतलं पोरगं लगेच ओरडतं, “मुद्दाम पाडला!” तिसरी, पडण्याची जागा. खरी चूक कुठेही घरंगळते, टेबलाखाली, प्रेक्षकांत, पाहुण्यांच्या जेवणात. खोटी चूक मात्र पायाच्या चवड्यावर, टप्पा घेऊन परत हातात, किंवा दोन पावलांवर येऊन थांबली पाहिजे, नाहीतर चेंडू शोधण्यात विनोद विझतो. सागरगोटे खेळणाऱ्या जुन्या बायका बघा, वरचा गोटा हवेत असताना खालचे कसे जमतील ते फेकतानाच ठरवून ठेवतात. तसं पडण्याचं नियोजन फेकण्याआधी झालेलं असतं.

चुकांची संख्याही ठरलेली असते. एकदा चुकलं तर लोक गप्प होतात, त्यांना तुमची दया येते. दुसऱ्यांदा चुकलं की हसतात, कारण आता शंका आलेली असते. तिसऱ्यांदा जमलं की टाळी पडते, आणि ही टाळी पहिल्याच फटक्यात जमलं असतं त्यापेक्षा मोठी असते. चौथ्यांदा चुकायची हिंमत फक्त फार मोठ्या कलाकाराने करावी. फील्ड्स करायचा.

आणि खऱ्या चुका? त्या होतातच. त्यासाठी खिशात वाक्यं तयार लागतात. “हा नवीन आहे, अजून प्रोबेशनवर आहे.” “आज या हॉलमध्ये गुरुत्वाकर्षण जरा जास्तच सोडलंय.” ही वाक्यं जुनी, झिजलेली आहेत, मुलाने आपली स्वतःची करावीत. खऱ्या चुकीवर हशा आला की प्रेक्षकाला दोन्हींतला फरक कधीच कळत नाही, आणि कलाकाराची झोप सुधारते.

फील्ड्स गप्प का राहायचा, यालाही व्यवहार होता. शब्द नसले की भाषेची अडचण नाही. विशीतच तो बर्लिन, लंडन, पॅरिस करून आला, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही खेळ केले. आमच्या सर्कशीत हेच तत्त्व आपोआप पाळलं जातं. तंबू आज केरळात, पुढच्या मोसमात आसामात, कलाकार मल्याळी, बंगाली, नेपाळी, आणि मध्ये एखादा मराठी. विनोद शब्दावर ठेवला तर जिल्ह्याच्या हद्दीवर संपतो. मुलाला सांगा, आधी गप्प राहून हसवायला शीक. मराठी पंच पुण्यात टाळी घेतील. पण काम कधी हैदराबादच्या लग्नात असतं, कधी दुबईच्या मॉलमध्ये.

संसाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आईच्या मनात ते असणारच. १९०० मध्ये फील्ड्सने हॅरिएट ह्यूजशी लग्न केलं. ती त्याच टोळीतली नर्तकी. ती त्याची स्टेजवरची मदतनीस झाली, आणि झेल हुकला की तो दोष तिच्यावर ढकलायचा, हा खेळातला हमखास हशा होता. शाळा अर्धवट राहिलेल्या या माणसाचं लिहिणं-वाचणं दौऱ्यांवर तिनेच सुधारलं. पुढे त्याच्या सामानात पुस्तकांची वेगळी पेटी असायची, तिच्यात डिकन्स होता, शेक्सपिअर होता, चक्क व्याकरणाची पुस्तकंही होती. १९०४ मध्ये मुलगा झाला. तिला आता एका जागी घर हवं होतं, त्याला दौरे सोडवेनात. १९०७ पर्यंत दोघं वेगळे झाले. घटस्फोट कधीच झाला नाही. आयुष्यभर तो तिला पैसे पाठवत राहिला आणि पत्रांतून भांडत राहिला.

यात नशिबाला दोष देण्यासारखं काही नाही, कामाची रचनाच तशी आहे. दिवसाला दहा-बारा मिनिटांचं काम आणि उरलेला सगळा वेळ रेल्वे, धर्मशाळा, वाट बघणं. दारूचंही त्यातूनच आलं. गंमत अशी की जगलर म्हणून उमेदीच्या काळात तो पीत नव्हता, कारण एक घोट घेतला तरी झेलाचं टायमिंग जातं, हे त्याला ठाऊक होतं. नंतर एकटेपणाला कंटाळून त्याने मेकअपच्या खोलीत बाटली ठेवायला सुरुवात केली, म्हणजे बरोबरचे कलाकार गप्पा मारायला येतील. मग ते आले नाहीत तरी बाटली राहिली. ज्या दारूवर पुढे त्याने अर्धी कीर्ती उभी केली, तिने शेवटची वर्षं पोखरली. १९४६ च्या नाताळच्या दिवशी, सहासष्टाव्या वर्षी, पॅसाडीनाच्या एका शुश्रूषागृहात तो वारला.

पण त्याआधी हात ते आवाज हा जो प्रवास त्याने केला, तो करिअर म्हणून शिकण्यासारखा आहे. पहिली मोठी पायरी बिलियर्डच्या टेबलाची. पॉल सिंक्वेव्हाली हा त्याच्या आधीच्या पिढीतला थोर जगलर अंगात खिसेवाला कोट घालून बिलियर्डचे चेंडू पाठीवरच्या, खांद्यावरच्या खिशांत झेलायचा, म्हणजे स्वतःच टेबल व्हायचा. फील्ड्सने खरं टेबल स्टेजवर आणलं आणि खेळणारा माणूस हास्यास्पद केला. क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, वाकड्यातिकड्या. टेबल खास बनवून घेतलेलं, त्याच्यात भलत्याच करामती लपवलेल्या. शॉट मारायचाय, पण काठी सरळ धरायला जागा सापडत नाही, खडू नीट लागत नाही, हाताची मांडणी जमत नाही. शॉटपेक्षा तयारीवर जास्त वेळ. इथे जगलिंग जवळजवळ अदृश्य झालंय, पण हात जगलरचेच आहेत. साध्या नटाला ती काठी तशी हातातून निसटवून पुन्हा धरता येणार नाही.

१९१५ मध्ये हा खेळ न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड फॉलीजमध्ये, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या तिथल्या झगमगत्या स्टेज शोमध्ये, गाजला. तिथला एक किस्सा आमच्यात फार सांगतात. एड विन नावाचा दुसरा विनोदी नट एकदा टेबलाखाली लपून प्रेक्षकांना तोंडं वेडावून दाखवत होता. फील्ड्सला कळेना, भलत्याच जागी हशा का येतोय. कळलं तेव्हा त्याने क्यू उलटी धरली आणि विनच्या डोक्यात घातली. विन आडवा. प्रेक्षकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. मला त्या फटक्यापेक्षा आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या आयटममध्ये हशा कुठे यायचा ते त्याला इतकं पाठ होतं, की जागा चुकलेला एक हशाही त्याने पकडला. मुलाला यापुढे कार्यक्रम केला की मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. व्हिडिओ नको, व्हिडिओत आपण स्वतःकडेच बघत बसतो. हशे कुठे आले एवढंच ऐकायचं.

फॉलीजमध्ये पुढची काही वर्षं तो जगलर म्हणून उरला नव्हताच, प्रवेशांतला विनोदी नट झाला होता. बोलायला लागला होता. १९२३ मध्ये ‘पॉपी’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकात जत्रेत फिरणाऱ्या लफंग्याची, मॅकगार्गल नावाची भूमिका मिळाली आणि गोड गोड बोलून टोपी घालणारा तो माणूस त्याला जन्मभर पुरला. मग मूकपट, मग बोलपट, रेडिओ. सिनेमांची यादी इथे देत नाही, ती कुठेही सापडेल.

एक मात्र जरूर बघायला सांगा. १९३४ च्या ‘द ओल्ड फॅशन्ड वे’ या सिनेमात तो एका भिकारड्या नाटक कंपनीचा मालक आहे, आणि त्यात त्याने आपला जुना जगलिंगचा खेळ करून दाखवलाय. वय चोपन्न. शरीर सुटलेलं. पण खोकी हातात आली की मनगटं वेगळ्याच माणसाची वाटतात. त्याच्या उमेदीतल्या खेळाचं चित्रीकरण कुणी करून ठेवलेलं नाही, त्यामुळे आमच्यासाठी ही काही मिनिटं म्हणजे दस्तावेज आहे. पहिल्यांदा सगळं बघावं, दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त खोक्यांकडे, तिसऱ्यांदा हातांकडे न बघता फक्त चेहऱ्याकडे. पुढच्याच वर्षी डिकन्सच्या कादंबरीवरच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या सिनेमात मिकॉबर नावाच्या पात्राची भूमिका करताना त्याने जगलिंगचा प्रसंग घालूया असा हट्ट धरला. डिकन्सने असं काही लिहिलेलं नाही असं सांगितल्यावर म्हणे तो उत्तरला, विसरला असेल. किस्सा खरा की रचलेला, देव जाणे, पण स्वभावाला धरून आहे.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. विनोदी जगलरचं आयुष्य उभं राहतं, पण चेंडूंच्या संख्येवर राहत नाही. हवेतल्या वस्तू दर दहा वर्षांनी कमी होत जातात आणि माणूस मोठा होत जातो. ज्याच्याकडे फक्त संख्या असते त्याला खांदा आणि मनगट कधीतरी दगा देतात. तो माणूस मग शिकवायला लागतो किंवा धंदा बदलतो.

फील्ड्सनंतरही ही परंपरा चालू राहिली. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या फ्लाइंग कारामाझोव्ह ब्रदर्सचा एक आयटम माझ्या फार आवडीचा आहे. प्रेक्षकांनी घरून आणलेल्या कुठल्याही तीन वस्तू त्यांच्यातला एकजण उडवतो. वजन-आकाराचे काही नियम, जिवंत प्राणी चालत नाही. दहा मोजेपर्यंत झेलल्या तर सगळ्यांनी उभं राहून टाळ्या, नाही तर त्याच्या तोंडावर क्रीमचा थापा. हरला तरी हशा, जिंकला तरी टाळी. आयटम असा बांधावा.

आपल्याकडचं चित्र सरळ सांगतो. सर्कशीत आता फारशी जागा नाही. वाघ-सिंहांवर बंदी आल्यानंतर तंबू माणसांच्या कसरतीवर तगून आहेत, आणि थोडेच उरलेत. काम आहे ते कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमांत, लग्नाच्या संगीतात, शाळांमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, मॉलमध्ये, लहान मुलांच्या वाढदिवसांना. हंगामी आहे. डिसेंबरात दिवस कमी पडतात, पावसाळ्यात फोन वाजत नाही. म्हणून डिग्री पूर्ण करू द्या, हे मी घाबरून नाही सांगत. शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून जो वेळ मिळेल तो त्याला तसाही रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त वापरता येणार नाही. मनगट त्याहून जास्त सराव सोसत नाही. त्या वेळात त्याने एकच आठ मिनिटांचा आयटम बांधावा, एक तासाचा नव्हे. चार वर्षांची पोरं कौशल्याला हसत नाहीत, चेंडू डोक्यावर आपटला की हसतात. जेवण झालेले काका-मामा दोन्हीला हसत नाहीत, त्यांच्यातल्याच एकाला स्टेजवर घेतलं तर हसतात. मुलं, जेवलेले काका-मामा आणि कॉलेजातले तरुण, या तिन्ही प्रकारच्या प्रेक्षकांसमोर तोच आयटम चालला तर त्याच्या हातात धंदा आहे. नाही चालला तर छंद आहे, आणि तोही वाईट नाही.

व्यवहाराचं थोडं. निम्मे पैसे आधी घ्यायचे, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी. “पुढच्या आठवड्यात ट्रान्स्फर करतो” म्हणणाऱ्या इव्हेंटवाल्याचा पुढचा आठवडा मी अजून पाहिलेला नाही. ठरवतानाच छताची उंची विचारायची. उघड्यावर असेल तर वारा विचारायचा आणि हलके चेंडू घरी ठेवायचे. दिवे डोळ्यांवर येत असतील तर तंत्रज्ञाला आधीच भेटून, चहा पाजून, दोन दिवे वळवून घ्यायचे. छताला पंखा असेल तर तो बंद करायला लावायचा, आणि यजमान “चालू राहू दे हो, उकडतंय” म्हणाले तरी ऐकायचं नाही.